बँकेचा अंतर्गत अहवाल : आकड्यामागची यंत्रणा

बँकेचा व्यवहार पैशाचा असला, तरी तिचा कारभार चालतो तो अहवालांवर. कालअखेर ठेवी किती होत्या, कोणत्या शाखेची कर्जे थकू लागली आहेत, रोकड कोठे साचली आहे, रिझर्व्ह बँकेकडे कोणते विवरणपत्र जायचे आहे, या प्रश्नांची उत्तरे व्यवस्थापनाला रोज हवी असतात. पूर्वी ती शाखांकडून टपालाने येणाऱ्या कागदी तक्त्यांतून मिळत. आज ती बँकेच्या अंतर्गत जाळ्यावर, म्हणजेच इंट्रानेटवर चालणाऱ्या अहवाल प्रणालीतून मिळतात. खातेदाराला ही प्रणाली कधीच दिसत नाही. तरीही त्याच्या ठेवीची सुरक्षितता काही अंशी तिच्यावर अवलंबून असते. कारण बँक अडचणीत येत असल्याची पहिली खूण कोणत्या तरी अहवालातच उमटते आणि अहवालच सदोष असेल, तर ती उमटतच नाही. अशी प्रणाली कशी उभारली जाते, तिचे घटक कोणते आणि ती कोठे फसते, याचा हा आढावा.

तेरजेपासून इंट्रानेटपर्यंत

हातवह्यांच्या काळात प्रत्येक शाखा दिवसअखेर तेरीज जुळवीत असे. साप्ताहिक व पाक्षिक पत्रके विभागीय कार्यालयात पोहोचत, तेथे त्यांची बेरीज होई आणि मुख्यालयाच्या हाती एकत्रित चित्र येईपर्यंत बराच काळ लोटलेला असे. भारतीय बँकांच्या यांत्रिकीकरणाला दिशा मिळाली ती डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९८४च्या अहवालामुळे. त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन आली, पुढे संपूर्ण शाखांचे संगणकीकरण झाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून फिनॅकल, बॅंक्स, फ्लेक्सक्यूब यांसारख्या कोअर बँकिंग प्रणालींनी सर्व शाखांची खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर आणली.

आता सारी माहिती एकाच ठिकाणी असल्याने हवा तो अहवाल चुटकीसरशी मिळेल, अशी अपेक्षा होती. ती पूर्णपणे खरी ठरली नाही. याचे पहिले कारण असे, की कोअर बँकिंग प्रणालीची रचना व्यवहार नोंदवण्यासाठी असते. एका खात्यातून पैसे काढणे हे तिचे काम ती क्षणार्धात करते; पण गेल्या तीन वर्षांत कोणत्या जिल्ह्यातील कोणत्या प्रकारची कर्जे थकली, हा प्रश्न तिच्या रचनेला परका असतो. दुसरे कारण म्हणजे बँकेत कोअर बँकिंगखेरीज अन्य प्रणालीही असतात. रोखे व परकीय चलनाचे व्यवहार करणारा ट्रेझरी विभाग, क्रेडिट कार्ड, एटीएम, व्यापारी पतपत्रे यांची माहिती बहुधा वेगवेगळ्या ठिकाणी साठते. या तुकड्यांची सांधेजोड करण्याचे काम वर्षानुवर्षे एका साध्या साधनाने केले, ते म्हणजे एक्सेल.

तक्त्यांचा मोह आणि त्याची किंमत

एक्सेलचा तक्ता झटपट तयार होतो, हवा तसा बदलता येतो आणि त्यासाठी माहिती तंत्रज्ञान विभागाकडे अर्ज करावा लागत नाही. नेमके हेच त्याचे दोष आहेत. कोणी, केव्हा, कोणता आकडा बदलला, याचा माग राहत नाही. एकाच पत्रकाच्या पाच प्रती पाच टेबलांवर फिरत राहतात आणि अंतिम कोणती, हे फक्त तक्ता बनवणाऱ्यालाच ठाऊक असते.

जेपी मॉर्गन चेस या बलाढ्य अमेरिकी बँकेला २०१२ मध्ये लंडनमधील एका विभागाच्या व्यवहारांत सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. बँकेने स्वतःच जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात एक उद्बोधक गोष्ट नमूद आहे. जोखीम मोजण्याची नवी पद्धत एक्सेलच्या अनेक तक्त्यांवर चालत होती आणि आकडे एका तक्त्यातून उचलून दुसऱ्यात हाताने चिकटवले जात होते. एका सूत्रात दोन दरांच्या सरासरीने भागण्याऐवजी त्यांच्या बेरजेने भागले गेले होते. परिणामी जोखीम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत राहिली. तोटा व्यवहारांमुळे झाला हे खरे. पण धोक्याचा इशारा देणारे यंत्रच मंद झाले होते.

याहून जवळचे उदाहरण मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे, म्हणजेच पीएमसी बँकेचे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध लादले, तेव्हा ठेवीदारांना आरंभी केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. पोलिसांत दाखल झालेल्या तक्रारीनुसार एचडीआयएल समूहाची ४४ कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवण्यात आली. ही खाती कोअर बँकिंग प्रणालीत उघडलेलीच नव्हती. रिझर्व्ह बँकेला सादर केल्या जाणाऱ्या कर्जयादीत मात्र ती होती. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले, परंतु त्याहून मोठ्या ठेवींच्या परतफेडीचे वेळापत्रक दहा वर्षांपर्यंत लांबले.

मूळ खाती आणि वरिष्ठांना दिसणारी यादी यांच्यामध्ये हाताने फेरफार करण्याजोगी फट असेल, तर तिच्यातून काय काय शिरू शकते, हे या प्रकरणाने दाखवले. अंतर्गत अहवाल प्रणालीचे खरे प्रयोजन ही फट बुजवणे हे आहे. पडद्यावरचे रंगीत आलेख हा तिचा दुय्यम भाग होय.

आधी व्याख्या, मग प्रोग्राम

असे प्रकल्प रखडतात, त्याचे कारण बहुधा संगणकीय नसते. एकाच शब्दाचा अर्थ प्रत्येक विभागाने वेगळा धरलेला असतो. ‘थकीत कर्ज किती’ हा वरवर सोपा वाटणारा प्रश्न घेऊ. वसुली विभाग हप्ता चुकलेले प्रत्येक खाते मोजतो, लेखा विभाग केवळ अनुत्पादक ठरलेली खाती मोजतो आणि शाखेला व्याज वगळून आकडा हवा असतो. तिघांचेही उत्तर आपापल्या जागी बरोबर असते, पण एका बैठकीत तीन आकडे समोर आले, की प्रणालीवरचा विश्वास उडतो.

नियमांमध्ये मात्र व्याख्या नेमकी असते. मार्च २००४ पासून भारतात मुदत कर्जाचा हप्ता वा व्याज ९० दिवसांहून अधिक काळ थकल्यास कर्ज अनुत्पादक, म्हणजे एनपीए धरले जाते. त्याआधीच्या टप्प्यांना ‘विशेष उल्लेखित खाते’ म्हणतात. दिवस कसे मोजावेत, याबाबतचा संदिग्धपणा रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकाने दूर केला. समजा, हप्त्याची तारीख ३१ मार्च २०२१ आहे आणि त्या दिवसाची दिवसअखेर प्रक्रिया, म्हणजे डे-एंड, पार पडेपर्यंत पैसे आले नाहीत, तर खाते ३१ मार्चपासूनच थकीत मानले जाते. ते ३० एप्रिलच्या डे-एंडला ‘एसएमए-१’, ३० मे रोजी ‘एसएमए-२’ आणि २९ जूनला एनपीए होते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने पहिला दिवस मोजण्यात एका दिवसाची गफलत केली, तरी तिमाहीअखेरचा आकडा बदलू शकतो.

दुसरी बाब कर्जदाराची. एनपीए ठरवताना खाते नव्हे, तर कर्जदार हा घटक असतो. एखाद्या व्यापाऱ्याचे ठाण्याच्या शाखेतील कॅश क्रेडिट अनुत्पादक झाले, तर नाशिकच्या शाखेत नियमित चालू असलेले त्याचे वाहनकर्जही त्याच वर्गात जाते. यासाठी दोन्ही खाती एकाच ग्राहक क्रमांकाला जोडलेली असली पाहिजेत. नावाचे स्पेलिंग दोन शाखांत दोन तऱ्हांनी लिहिले गेले असेल, तर संगणकाला ते दोन वेगळे इसम वाटतात आणि अहवाल बँकेची स्थिती आहे त्याहून बरी दाखवतो.

तिसरी बाब टक्केवारीची. एकूण कर्जे १०,००० कोटी रुपये, त्यांतील अनुत्पादक कर्जे ४०० कोटी आणि त्यांपोटी केलेली तरतूद २५० कोटी असेल, तर ढोबळ एनपीए चार टक्के होतो. निव्वळ एनपीए काढताना तरतूद अंश व छेद या दोहोंतून वजा करावी लागते. म्हणजे १५० भागिले ९,७५०, अर्थात सुमारे १.५४ टक्के. छेदातून वजाबाकी करायची राहिली, तर उत्तर दीड टक्का येते. फरक अल्प दिसतो. पण मंडळासमोरील टिपणात एक आणि लेखापरीक्षकाच्या कागदावर दुसरा आकडा असेल, तर खुलासा करण्यात दिवस खर्ची पडतात.

यास्तव जाणती बँक प्रणालीच्या आधी एक कोश तयार करते. अहवालातील प्रत्येक स्तंभाचे नाव, त्याची व्याख्या, तो कोणत्या प्रणालीतून येतो, कोणत्या सूत्राने निघतो आणि त्याला जबाबदार विभाग कोणता, हे त्यात नोंदवलेले असते. हा कोश नीरस असतो, पण पुढील सर्व बांधकामाचा पाया तोच असतो.

चार थरांची रचना

नोव्हेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांकडून येणाऱ्या माहितीच्या स्वयंचलित प्रवाहाविषयी एक मार्गदर्शक निबंध प्रसिद्ध केला. मूळ प्रणालींतून निघालेली माहिती मानवी हस्तक्षेपाविना विवरणपत्रापर्यंत पोहोचावी, हे त्याचे उद्दिष्ट होते. त्यात माहितीचे संकलन, एकत्रीकरण व साठवण, रूपांतर आणि सादरीकरण असे चार थर सांगितले आहेत. अंतर्गत अहवाल प्रणालीलाही हीच मांडणी चपखल बसते.

पहिल्या थरात डे-एंड संपल्यावर कोअर बँकिंग व अन्य प्रणालींतून त्या दिवसाची माहिती उचलली जाते. अहवाल थेट चालू सर्व्हरवर काढणे टाळतात. कारण एखादा अवजड अहवाल सकाळी अकराला सुरू झाला, तर त्याचा भार रोखपालाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या ग्राहकाला जाणवतो. दुसऱ्या थरात ही माहिती अहवालांसाठी राखलेल्या स्वतंत्र साठ्यात जाते. येथे इतिहास जपावा लागतो. १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत पाच सहयोगी बँका व भारतीय महिला बँक विलीन झाल्या. १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विजया व देना या बँका आल्या. अशा विलीनीकरणात शाखांचे क्रमांक बदलतात, काही शाखा एकत्र होतात, विभागांची फेररचना होते. प्रत्येक शाखा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या विभागात होती, हे नोंदलेले नसेल, तर यंदाची मागील वर्षाशी तुलना निरर्थक ठरते.

तिसऱ्या थरात व्याख्याकोशातील सूत्रे लावून शाखा, विभाग व बँक अशा पातळ्यांवरील बेरजा रात्रीच तयार करून ठेवल्या जातात. त्यामुळे सकाळी एकाच वेळी शेकडो अधिकाऱ्यांनी अहवाल मागितला, तरी प्रत्येक वेळी कोट्यवधी नोंदी चाळाव्या लागत नाहीत. चौथा थर वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचा. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या या पानावर तारीख, शाखा व कर्जप्रकार निवडता येतो आणि एकत्रित आकड्यावर क्लिक केल्यावर त्यामागच्या शाखा व शाखेमागची खाती दिसतात. हा ‘आत उतरण्याचा’ मार्ग ही चैन नव्हे. आकडा कोठून आला, हे मूळ खात्यापर्यंत जाऊन पडताळता येणे, हीच त्याच्या खरेपणाची हमी असते.

जुळवणीची शिस्त

अहवालातील बेरीज बँकेच्या जनरल लेजरशी जुळते की नाही, हे रोज तपासणे हा या प्रणालीचा कणा आहे. कर्जखात्यांची एकूण बाकी आणि लेजरमधील कर्ज या शीर्षाखालील बाकी यांत एक रुपयाचाही फरक असेल, तर पडद्यावर तो ठळकपणे दिसला पाहिजे. चुकीचा आकडा निमूटपणे दाखवण्यापेक्षा ‘आजची जुळवणी अपूर्ण’ असे सांगणारी प्रणाली अधिक विश्वासार्ह होय. पीएमसीसारखी खाती, जी यादीत आहेत पण लेजरमध्ये नाहीत, ती अशा तपासणीत तात्काळ उघडी पडतात.

जुळवणीलाही मर्यादा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेच्या प्रकरणात हमीपत्रांचे संदेश ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून परदेशी गेले, पण कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच झाली नाही. लेजरशी जुळवणारा कोणताही अहवाल हे दायित्व दाखवू शकला नसता. म्हणून स्विफ्टवरील संदेशांची संख्या व रक्कम स्वतंत्रपणे कोअर बँकिंगमधील नोंदींशी ताडून पाहावी लागते. जे नोंदलेच नाही ते शोधण्यासाठी दुसऱ्या प्रणालीची साक्ष काढावी लागते.

काही बारकावे मात्र निव्वळ अंकगणिताचे असतात. तीन शाखांची बाकी प्रत्येकी १.४ लाख असेल, तर पूर्णांकात ती एक, एक व एक अशी दिसते आणि खाली एकूण मात्र चार लाख येते. पूर्णांकन शेवटी एकदाच करावे आणि तसे तळटिपेत नमूद करावे, हा त्यावरचा उपाय. संगणकाच्या द्विमान पद्धतीत काही दशांश अपूर्णांक नेमके मावत नाहीत, ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ पेक्षा किंचित अधिक भरते. त्यामुळे रकमा पैशांत पूर्णांक म्हणून किंवा निश्चित दशांश स्वरूपातच साठवतात. शिवाय मागील तारखेच्या नोंदी असतातच. ३१ मार्चचा अहवाल ५ एप्रिलला एक आकडा देतो आणि २० एप्रिलला दुसरा. म्हणून प्रत्येक अहवालावर ‘कोणत्या तारखेची स्थिती’ आणि ‘कधी काढला’ या दोन्ही गोष्टी छापाव्या लागतात आणि वरिष्ठांना वा नियामकाला सादर झालेली प्रत गोठवून ठेवावी लागते.

कोणाला काय दिसावे

अंतर्गत म्हणजे सर्वांना खुले, असा अर्थ होत नाही. शाखा व्यवस्थापकाला आपल्या शाखेची, विभागीय व्यवस्थापकाला आपल्या विभागाची खाती दिसावीत. जोखीम विभागाला संपूर्ण बँकेचे चित्र दिसावे, पण ग्राहकाचा मोबाइल क्रमांक दिसण्याचे त्याला कारण नाही. ही बंधने केवळ पानावरची बटणे लपवून येत नाहीत; सर्व्हरवर प्रत्येक मागणीच्या वेळी अधिकार तपासावा लागतो. अन्यथा पत्त्याच्या ओळीतील शाखा क्रमांक बदलून कोणीही शेजारच्या शाखेत डोकावू शकतो. वापरणाऱ्याने भरलेला मजकूर जसाच्या तसा एसक्यूएल आज्ञेत मिसळणे हीदेखील जुनी व घातक चूक आहे. तिच्यातून संपूर्ण साठा उघडा पडू शकतो.

बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे जुने अधिकार त्याच दिवशी काढून घेणे, कोणी कोणता अहवाल पाहिला व उतरवून घेतला याची नोंद ठेवणे, या गोष्टीही तितक्याच निकडीच्या. एनपीए वर्गीकरणात हाताने बदल होत असल्याचे आढळल्यावर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२० मध्ये ही प्रक्रिया पूर्णतः स्वयंचलित करण्यास सांगून ३० जून २०२१ ही मुदत दिली. अपवादात्मक बदल करायचाच झाला, तर किमान दोन पातळ्यांवरील मंजुरी व त्याचा माग राहणे बंधनकारक केले. बँकेच्या भाषेत याला मेकर-चेकर म्हणतात. हीच पद्धत अहवालांच्या सूत्रांनाही लागू व्हावी. सूत्र बदलणारा एक आणि ते तपासून मंजूर करणारा दुसरा असावा.

नियम बदलतात तेव्हा

बँकांचे अहवाल नियमांशी बांधलेले असतात आणि नियम बदलत राहतात. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४२ खालील पाक्षिक विवरणपत्र दीर्घकाळ एकाआड एक शुक्रवारच्या स्थितीवर आधारलेले होते. बँकिंग कायदे (सुधारणा) अधिनियम, २०२५ने पंधरवड्याची व्याख्या बदलून ती महिन्याची १५ तारीख व अखेरचा दिवस यांच्याशी जोडली. ज्या प्रोग्राममध्ये शुक्रवार ठिकठिकाणी लिहून ठेवला असेल, तेथे प्रत्येक ओळ शोधावी लागते. ज्यात अहवालाच्या तारखा एका वेगळ्या तक्त्यात असतील, तेथे तो तक्ता बदलला की भागते. दहा लाख रुपयांवरील रोख व्यवहारांचा जो मासिक अहवाल वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे जातो, त्याची मर्यादा किंवा मोठ्या कर्जदारांच्या नोंदीसाठी असलेली पाच कोटींची मर्यादा, या गोष्टीही अशाच प्रोग्रामच्या बाहेर ठेवणे शहाणपणाचे.

चालू करताना

नवी प्रणाली तयार झाली, तरी जुनी पद्धत त्याच दिवशी बंद करत नाहीत. निदान एक तिमाहीअखेर सामावली जाईल इतका काळ दोन्ही समांतर चालवतात आणि प्रत्येक फरकाचे कारण शोधतात. यातून एक अवघड प्रसंग हमखास उद्भवतो. नवा आकडा चुकीचा नसून जुनाच वर्षानुवर्षे चुकत होता, असे निष्पन्न होते. तेव्हा नव्या प्रणालीला जुन्याशी जुळवून घेण्याचा आग्रह धरला जाऊ शकतो. व्यवस्थापनाची खरी परीक्षा येथे असते. एप्रिल २०१७ पासून रिझर्व्ह बँकेने ठरावीक मर्यादेपलीकडची तफावत, म्हणजे बँकेने दाखवलेला एनपीए व तपासणीत आढळलेला एनपीए यांतील फरक, जाहीर करणे बंधनकारक केले आहे. घरात सापडलेली चूक घरातच दुरुस्त झालेली केव्हाही स्वस्त पडते.

समांतर काळ संपल्यावर जुने तक्ते खरोखरच बंद करावे लागतात. ते मागच्या दाराने चालू राहिले, तर बँकेत पुन्हा दोन सत्ये नांदू लागतात. अर्थात अधिकाऱ्यांनी एक्सेलकडे वळू नये असे वाटत असेल, तर महिनाअखेरच्या गर्दीतही पान लवकर उघडले पाहिजे, लाख-कोटींची मांडणी भारतीय पद्धतीची हवी आणि नवा अहवाल मागितल्यावर तो सहा महिन्यांनी नव्हे, तर वेळेत मिळाला पाहिजे.

जागतिक पातळीवर बासल समितीनेही जानेवारी २०१३ मध्ये जोखीमविषयक माहितीचे एकत्रीकरण व अहवाल यांबाबतची तत्त्वे जाहीर केली. २००७-०८च्या आर्थिक अरिष्टात अनेक मोठ्या बँकांना आपण कोणाचे किती देणे लागतो व आपले कोणाकडे किती अडकले आहे, हे वेळेत सांगता आले नव्हते, ही त्यामागची पार्श्वभूमी. नागरी सहकारी बँकेपासून बहुराष्ट्रीय बँकेपर्यंत प्रश्न एकच आहे. समोर दिसणारा आकडा मूळ खात्यापर्यंत मागे नेता येतो का आणि वाटेत त्याला कोणाचा हात लागला असेल, तर ते कळते का? या दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर ती अहवाल प्रणाली ठेवीदाराच्या वतीने पहारा देत असते.